शेवटच्या ओळीआधी

सायप्रस बेंड, मिसिसिपी
१२ जून १९३८

प्रिय बड,

तू बरा असशील, वेळेवर जेवत असशील आणि शिकागोच्या वाऱ्यात छाती उघडी टाकून फिरत नसशील, असं धरून लिहायला बसले आहे. इकडे होशियाची पाठ सोडली तर सगळं ठीक. ती पाठ दरवर्षी कापसाची खुरपणी आली की धरते आणि चर्चमध्ये जेवण असलं की आपोआप सुटते. नवरा म्हणून मला त्याच्याबद्दल एवढीच तक्रार आहे, तेव्हा देवाचे उपकारच म्हणायचे. आपली म्हातारी खेचरी वसंतात गेली. आता शेजारची मागून आणतो.

तार मिळाली असेल. पाठवली असं स्टेशनवरचा माणूस म्हणाला, म्हणून पाठवली असं समजते.

आईने फार हाल काढले नाहीत. दुपारी ओसरीवर बसली होती. माझ्याकडे एकदोन वस्तू मागितल्या, त्या मी दिल्या. थोडा वेळ तिचं तिचं काहीतरी चाललं होतं. मी आत मक्याची भाकरी भाजत होते. बाहेर आले तेव्हा मान खांबाला टेकलेली होती. तोंडावर काही त्रास दिसत नव्हता, उलट मला वाटलं, आता डोळे उघडून मला भाकरी करपली म्हणून बोलेल.

दुसऱ्या दिवशी पुरलं. या उकाड्यात थांबता येत नव्हतं. शिकागोत राहून तू आपली रीत विसरला असशील म्हणून लिहिते. पुरणं उन्हाच्या सोयीने झालं, पण अंत्यप्रवचन नातेवाइकांच्या सोयीने व्हायचं. ऑगस्टचा तिसरा रविवार धरलाय. तेव्हा शेवटची खुरपणी उरकलेली असते आणि वेचणी सुरू झालेली नसते, सगळ्यांचे हात मोकळे असतात. मेम्फिसची मंडळी येणार आहेत, आर्कान्सामधली एफीमावशीची मुलंसुद्धा. प्रवचन होईपर्यंत माणूस गेलं असं आपण धरत नाही, हे तरी तुला आठवत असेल. तोवर आई कुठेतरी मधेच अडकलेली आहे. तेव्हा तू ये.

कबरीवर तिने शेवटी हाताळलेल्या वस्तू मांडल्या. कप, चमचा, दिवा, औषधाची बाटली. सगळ्यांना तडा देऊन, म्हणजे कोणी उचलून नेणार नाही आणि तीही त्यांच्यासाठी घरी परत येणार नाही. सगळं मांडलं. जवळजवळ सगळं.

मदर झिपोरा कबरीपाशी सगळ्यांत शेवटपर्यंत उभी होती. म्हणाली, "कोरिंथाने माझ्याआधी जायचं असं ठरलं नव्हतं आमचं. प्रवचनात मी घोरायला लागले की आता मला कोपर कोण मारणार?" तू असतास तर हसला असतास. चर्चच्या पहिल्या बाकावर, सगळी मंडळी ज्यांना 'मदर' म्हणतात त्या पांढऱ्या कपड्यांतल्या म्हाताऱ्यांमध्ये, आईची जागा आता रिकामी ठेवली आहे.

एक सांगायचं राहिलं. तुझी नवी रेकॉर्ड वसंतात दुकानात आली. दुकानदाराने ग्रामोफोन दारात आणून लावला. आई आणि मी पिठाची पिशवी घेऊन बाहेर पडत होतो. आई थांबली आणि पूर्ण ऐकलं. दुकानात सगळे गप्प झाले होते, कारण तुझ्या गाण्यांबद्दल लोक काय बोलतात ते तुला माहीत आहे. आई पिशवी या काखेतून त्या काखेत घेत मला हळूच म्हणाली, "शेवटच्या ओळीआधी थांबत नाही हा. घाई करतो." आणि चालायला लागली.

घाई करतोस हे मलाही ऐकू आलं होतं.

तुझी,
ओझेला

---

१७ जुलै १९३८

प्रिय बड,

पत्र मिळालं. तू धडधाकट आहेस हे वाचून बरं वाटलं. सोबत पाठवलेलं ते रंगीत पोस्टरही मिळालं. तुझा सूट छान आहे. तुझ्या मागे शिंगवाल्याची जी सावली काढली आहे ती होशियाने पाहिली आणि म्हणाला, "हा तर आपल्या मालकाच्या मुकादमासारखा दिसतो." मी ते भिंतीला लावलं नाही, पेटीत तळाला ठेवलं आहे. राग मानू नकोस.

तुला यायला जमेल असं वाटत नाही, त्याच आठवड्यात कंपनीने रेकॉर्डिंग ठेवलंय, असं लिहितोस. मग मला सगळं लिहिलंच पाहिजे. मागच्या पत्रात मी काही गोष्टी टाळल्या.

रेव्हरंड टॉलिव्हर घरी आले होते. माणूस वाईट नाही. आई आजारी असताना रोज चक्कर टाकायचे. खुर्चीत बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि बराच वेळ तिची कडा चाचपत राहिले.

"सिस्टर ओझेला, मंडळी काय बोलतायत ते तुमच्या कानावर असेलच."

"मंडळी बरंच बोलतात, रेव्हरंड. नेमकं काय ते तुम्हीच सांगा."

"तुमच्या भावाने, थॅडियसने, चौरस्त्यावर सैतानाशी सौदा केला, जीव देण्याच्या बोलीवर गिटार शिकला. आधी त्याची बायको गेली, पोटातल्या बाळासकट. आता मदर कोरिंथा. लोक म्हणतात, त्याने स्वतःचा जीव दिलाच नाही. तो घरच्यांचे देतोय."

माझ्या हातातलं भांडं मी पुसतच राहिले.

"हे मी म्हणतो असं नाही," ते म्हणाले. "पण जिचा जीव असा गेला असं अर्धं गाव मानतंय, तिच्यावर मी व्यासपीठावरून काय बोलू? ती देवाघरी गेली म्हणू, तर हे लोक माझ्या तोंडाकडे बघतील. थॅडियसला येऊ दे. पश्चात्तापाच्या बाकावर गुडघे टेकू दे, ते वाद्य सोडू दे. मग मी असं प्रवचन करीन की मेम्फिसपर्यंत ऐकू जाईल. तो आला नाही तर मी नुसती प्रार्थना म्हणेन आणि मंडळींना घरी पाठवीन."

तर असं आहे, बड. तू आला नाहीस तर आईचं अंत्यप्रवचन होणार नाही. आयुष्यभर ज्या बाकावर बसली, त्याच्यासमोर तिच्यासाठी दोन शब्द बोलायला कोणी तयार नाही.

मी म्हटलं असतं, ये आणि एवढंच सांग, की चौरस्ता, तो उंच काळा माणूस, गिटार घेऊन सूर लावून देणं, सगळं तू रचलंस. पण तुझ्या पत्रातलं ते वाक्य वाचलं आणि मला जेवण गेलं नाही. तू लिहितोस, "कंपनीचा माणूस म्हणतो, अर्ध्या रेकॉर्डी या गोष्टीवर खपतात. आणि ओझी, खरं सांगू? ती गोष्ट काढून घेतली तर माझ्यात काय उरतं? एवढ्यांदा सांगितली आहे की आता मला तो माणूस आठवतो. त्याची नखंसुद्धा आठवतात. दिवा जळत ठेवल्याशिवाय मला झोप लागत नाही."

ती नखं आईची होती, बड्या.

तू विसरला असशील तर मी आठवण करून देते. तू सतरा वर्षांचा होतास आणि तुला धड काही वाजवता येत नव्हतं. शनिवारच्या अड्ड्यावर लोकांनी तुझ्या हातातून गिटार काढून घेतली, "पोरा, हे मांजर आहे का, त्याचा गळा का दाबतोस?" असं म्हणाले. तू घरी येऊन ओसरीच्या पायरीवर बसलास आणि जेवलाच नाहीस. त्या हिवाळ्यात वेचणी संपल्यावर शेतातली कापसाची कोठी रिकामी पडली होती. आईने तुला तिथे नेलं. गावाला सांगितलं की थॅड लाकूडतोडीच्या छावणीत कामाला गेलाय. ती रोज दुपारी टोपलीत मक्याची भाकरी आणि काकवी घेऊन जायची आणि संध्याकाळी रिकामी टोपली घेऊन यायची. देवाला वाहून घेण्याआधी, डोंगराकडच्या गावी, ती लोकांच्या घरच्या नाचांना वाजवायची. ते इथे कोणाला माहीत नव्हतं. चर्चमध्ये असल्या वाजवण्याला सैतानाचं काम म्हणतात, कळलं असतं तर पांढऱ्या कपड्यांतला तो बाक एका रविवारात गेला असता.

वसंतात तू बाहेर आलास आणि वाजवलंस. अड्ड्यावर सगळे गार झाले. कोणीतरी विचारलं, कोणी शिकवलं? तेव्हा तू ते चौरस्त्याचं सांगितलंस. आईचं गुपित राखायला ते सांगितलंस. घरी येऊन सांगितलंस तेव्हा आई इतकी हसली की तिच्या हातातून घेवड्याच्या शेंगा सांडल्या. "मी उंच आहे का रे?" म्हणाली.

तेव्हा मीही हसले होते. तुझी लुएला बाळंतपणात गेली तेव्हा मात्र कोणालाच हसू आलं नाही. बाळ आडवं होतं आणि डॉक्टर गोऱ्यांकडे होता, एवढीच गोष्ट आहे. तू तेव्हा हेलेना गावात वाजवत होतास, यात तुझा दोष नव्हता आणि मी कधी दिला नाही. पण पुढच्या वर्षी तू त्यावर गाणं केलंस आणि त्या गाण्यात सांगितलंस की सैतानाने पहिला हप्ता नेला. ते गाणं सगळीकडे वाजलं. तुझ्या सासूने दुकानावरून जाणं सोडलं, लांबच्या वाटेने जाते. तेव्हापासून मला तुझा राग आहे. हे मी आजपर्यंत लिहिलं नव्हतं.

आणि ही नवी रेकॉर्ड. "दिवा ठेव दारात, बाई, वारा सुटलाय फार." हे गाणं आईचं आहे. तिने ते तुझ्या आधी मला शिकवलं होतं. मी चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला त्या वर्षी तिने माझ्या बोटातली, तारेवर फिरवायची काच काढून घेतली. "तुला इथंच राहायचंय, ओझी, तुला हे परवडणार नाही," म्हणाली. बरोबरच होतं तिचं. मी रुसले आणि मग विसरले, किंवा विसरले असं सगळ्यांना वाटू दिलं. तू मोठा झालास याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण आईने दिलेलं तू सैतानाने दिलं म्हणून सांगतोस, आणि लोक त्याला मान देतात, हे मला सहन होत नाही.

आता शेवटचं. त्या दुपारी आईने ओसरीवर एकदोन वस्तू मागितल्या असं मी लिहिलं. एक झाडू होता, एक तपकिरीच्या बाटलीची मान. झाडूच्या मुठीवरची तार तिने आपल्या हाताने उलगडली. मी ती खांबापासून भिंतीपर्यंत दोन खिळ्यांवर ताणून दिली. तार वर उचलायला तिच्याखाली औषधाची बाटली सरकवली. मानेची ती काच बोटात घालून आई तेच गाणं वाजवत होती, अगदी हळू. मी आत भाकरी भाजत होते आणि ऐकत होते. शेवटच्या ओळीआधी ती थांबली. ती नेहमीच थांबायची, म्हणून मी वाट बघत राहिले. भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा बाहेर गेले.

ती काच मी कबरीवर ठेवली नाही. बाया बघतील, ओळखतील, म्हणून एप्रनच्या खिशात घातली. शेवटी हातात असलेली वस्तूच मी तिला दिली नाही. मी भित्री आहे आणि आता रोज दुपारी ओसरीवर मला तिची चाहूल लागते.

आईचं नाव घेऊ नकोस. फक्त ये, उभा राहा, आणि म्हण की ते खोटं होतं.

तुझी,
ओझेला

---

२२ ऑगस्ट १९३८

प्रिय बड,

तुझी तार शनिवारी आली. "येता येत नाही, क्षमा." तारेला शब्दागणिक पैसे पडतात हे मला माहीत आहे. रेकॉर्डिंग नीट झालं असेल. सगळे आले होते. एफीमावशीच्या मुलांनी तुझ्यासाठी पुढे जागा ठेवली होती, तिच्यावर टोपी ठेवून.

काल काय झालं ते दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं.

रेव्हरंडनी वाट पाहिली. खरंच पाहिली. दोन भजनं जास्त घेतली. लोक पंख्यांनी वारा घेत मागे वळून रस्त्याकडे बघत होते. मग ते उठले आणि म्हणाले की आज प्रवचन होणार नाही, आपण मदर कोरिंथासाठी प्रार्थना करू. मदर झिपोराने मान खाली घातली. आईच्या रिकाम्या जागेवर तिने हात ठेवला होता.

मी उभी राहिले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. म्हणाले, "माझ्या भावाला सैतानाने काही शिकवलं नाही. आमच्या आईने शिकवलं. त्या कापसाच्या कोठीत."

मागून कोणीतरी हसलं. सिस्टर व्हॅश्टी वळून म्हणाली, "भावाला वाचवायला मेलेल्या आईला चिखलात ओढतेस होय गं? मदर कोरिंथा आणि ते वाद्य! उद्या म्हणशील, पत्तेही पिसायची."

बड, कोणाचाही विश्वास बसला नाही. सगळे चौरस्त्यावर विश्वास ठेवायला तयार होते, त्या माणसाची उंची सांगायला तयार होते. घरातल्या बाईने पोराला शिकवलं हे मात्र त्यांना पटेना. रेव्हरंड मऊ आवाजात म्हणाले, "सिस्टर, तुम्ही दुःखात आहात. खाली बसा."

मी बसले असते. पण होशिया उठला. चाळीस माणसांसमोर तो पाठ धरून बाहेर गेला आणि मला वाटलं, लाज वाटून चालला. थोड्या वेळाने बाहेरून ठोकल्याचा आवाज आला. सगळे खिडक्यांशी गेले. चर्चचा झाडू घेऊन त्याने मुठीवरची तार उलगडली होती आणि कबरींकडच्या भिंतीवर खिळा ठोकत होता. मला बघून विचारलं, "दुसरा किती खाली मारू?"

मला वाजवता येतं हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. विचारलं, तुला कसं कळलं, तर म्हणाला, "भांडी घासताना तुझा डावा हात काय करतो ते मला दिसत नाही का?"

काच खिशात होती. मी रोज खिशात घेऊनच फिरत होते. लोक बाहेर येऊन अर्धगोलात उभे राहिले, काही जण लांब, तारेला हात लागेल या भीतीने. माझी बोटं कडक झाली आहेत, बड, पहिल्या ओळीला सूर दोनदा घसरला. व्हॅश्टीने नाक मुरडलं. मग लागलं. "दिवा ठेव दारात, बाई, वारा सुटलाय फार." तुझ्यासारखा माझा आवाज नाही. पण गाणं मला तुझ्या आधीपासून येत होतं.

शेवटच्या ओळीआधी मी थांबले. आईइतकी थांबले. आणि त्या थांबण्यात मला दिसलं की सगळे रस्त्याकडे बघतायत. मीसुद्धा बघितलं. धूळ नव्हती, कोणी येत नव्हतं.

मग मी शेवटची ओळ म्हटली. "येईन म्हणाला होता."

मदर झिपोरा काठी टेकत पुढे आली. म्हणाली, "ही कोरिंथाच." व्हॅश्टी काही बोलायला गेली तर तिला म्हणाली, "तू गप. संथ भजनात शेवटच्या ओळीआधी कोरिंथा अशीच थांबायची. आम्ही अख्खा बाक तिच्यासाठी श्वास धरून थांबायचो. तूही थांबायचीस. ते कुठून आलंय असं वाटलं होतं तुला?" बाकावरच्या बाकीच्या म्हाताऱ्या एकमेकींकडे बघू लागल्या. एकीने तोंडावर हात ठेवला. त्यांनी रविवारामागून रविवार ते ऐकलं होतं, फक्त पांढऱ्या कपड्यांत ऐकलं होतं.

रेव्हरंडनी तारेकडे बघितलं. म्हणाले, "हे मी व्यासपीठावरून सांगू शकत नाही."

"मग खाली उभा राहून सांग," मदर झिपोरा म्हणाली. "आणि लवकर सांग, ऊन आहे."

तर आईचं अंत्यप्रवचन कबरीपाशी झालं, व्यासपीठावरून नाही. लहानसंच झालं. मेम्फिसपर्यंत काही ऐकू गेलं नसेल. पण ते म्हणाले की आमची ही बहीण देवाघरी गेली, आणि कोणी त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही. मग मी काचेला दगडाने तडा दिला आणि ती कपाशेजारी ठेवली, सगळ्यांच्या देखत. आज दुपारी ओसरीवर चाहूल लागली नाही. मी उगाच दोनदा बाहेर जाऊन बघितलं.

मला भजनमंडळातून काढलं आहे. मंडळीसमोर उभं राहून माफी मागितली तर परत घेतील. विचार करून सांगते, असं मी म्हणाले. तार अजून चर्चच्या भिंतीवर आहे. होशिया म्हणतो, पाठ धरली आहे, काढता येणार नाही.

आता तुझं. तुला दिवा जळत ठेवायची गरज नाही, बड. तो उंच माणूस नव्हता कधी. आई होती, ठेंगणी, काकवीचे हात असलेली. शिकागोत ते सांगायचं की नाही हे तू ठरव. कंपनीला काय वाटेल ते मला कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही.

इथे मात्र आता कोणी म्हणत नाही की कोरिंथाच्या मुलाने जीव विकला. आज सकाळी दुकानात दोघी बोलत होत्या, मी आत आहे हे त्यांना दिसलं नव्हतं. म्हणत होत्या, कोरिंथाचा मुलगा आला नाही. पहिली गोष्ट खोटी होती म्हणून काल मी उठून उभी राहिले. ही ऐकली आणि पीठ घेऊन घरी आले.

आईने शिकवलेली पहिली,
ओझेला